पायाळूची कंबर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. यात माझं कर्तृत्व शून्य. जे सोसलं ते आईनं आणि त्या सुईणीनं. पण कुरखेड्याकडच्या आमच्या गावात या उलट्या जन्मानं माझी नोकरी पाळण्यातच पक्की केली. कोणाच्या कमरेत उसण भरली, चमक निघाली, की पायाळू माणसानं डाव्या पायानं तीन लाथा मारायच्या आणि रोग्यानं बरं व्हायचं, असा आमच्याकडचा वैद्यकीय सिद्धांत होता. त्याला ना परीक्षा, ना पदवी. मी सहा वर्षांची असतानाच प्रॅक्टिस सुरू केली.

लाथ मारीन तिथं पाणी काढीन, अशी फुशारकी मराठी माणूस एरवी मारतोच. माझ्या लाथेनं पाणी निघायचं ते लोकांच्या डोळ्यांतून.

धंद्याचा हंगाम म्हणजे रोवणा. भातखाचराच्या बांधीत घोटाघोटा चिखलात दिवसभर वाकून एकेक रोप करत धानाचे पऱ्हे लावायचे, म्हणजे कंबर कोणाचीही जाईल. संध्याकाळी बाया रांगेनं आमच्या अंगणात येत. पण पायाळूवर वीज पडते, हाही सिद्धांत तितकाच पक्का होता. त्यामुळे दुपारी आभाळ गडगडलं की याच बाया मला ओरडायच्या, "ए पोरी, तिकडच्या बांधीत जा वं, आमच्यापासी नोको राहू!" मग मी एकटी लांबच्या बांधावर उभी. पडलीच तर हिच्यावर पडो, बाकीचा रोवणा सुरळीत पार पडो, अशी गावाची सोय. वीज कधी पडली नाही. तिला हा सिद्धांत बहुधा कोणी कळवला नव्हता. आभाळ निवळलं की तीच मंडळी कंबर धरून दारात.

आमचं घर दीक्षा घेतलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, घरात अंगारा-धुपारा बंद, नवस बंद, कोंबडं कापणं बंद. वडील चौथी शिकलेले, पण बावीस प्रतिज्ञा त्यांना झोपेतही म्हणता येत. लाथेचं हे प्रकरण त्यांना बिलकूल पसंत नव्हतं. "हे सारं सोडाले तर निघालो आपन, अन् पोरगीच भगत होऊन राह्यली," असं ते आईला ऐकवत. त्यांचा हा बाणा फार कडक होता. मालगुजार आमच्या अंगणात येईपर्यंत तो टिकला.

मालगुजारी जाऊन जमाना झाला होता, पण गावातल्या त्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याला सगळे मालगुजारच म्हणत. त्याच्या विहिरीवर आमची घागर चालत नसे. रोवण्याच्या मजुरांना त्याच्या घरी पाणी मिळे, ते वरून ओंजळीत ओतलेलं. असा तो माणूस एका रविवारी सकाळी काटकोनात वाकून आमच्या अंगणात आला, सदरा काढला आणि म्हणाला, "पोरीले बलाव." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं. मनात बाविसाव्या प्रतिज्ञेपर्यंत गेलेही असतील. पण सतरंजी त्यांनी स्वतः आणून अंथरली.

मालगुजार उघड्या पाठीनं पालथा झोपला आणि मी त्याला तीन लाथा मारल्या. आमच्या हातचं पाणी त्याला चालत नव्हतं, आमच्या पायाची लाथ चालत होती. ही सोय नेमकी कोणत्या शास्त्रात लिहिली आहे, ते मी अजून शोधते आहे.

तो उठून बसला तेव्हा आईनं रीत म्हणून तांब्याभर पाणी पुढे केलं. "आत्ताच पिऊन आलो बाई," म्हणत त्यानं सदरा चढवला. घरी जाऊन त्यानं आंघोळ केली, हेही दुपारपर्यंत गावाला कळलं. पण त्याची चमक गेली. उसण तशीही चार दिवसांत आपोआप जाते, हे कळायला मला पुढे बरीच पुस्तकं वाचावी लागली. त्यानंतर तो दर साली रोवण्याच्या सुमाराला येऊ लागला. दर साली वडील सतरंजी अंथरत, दर साली आई पाणी पुढे करी आणि दर साली तो आत्ताच पिऊन आलेला असे. तो पालथा पडलेला असताना आई दाराच्या चौकटीला टेकून एकटक बघत राहायची. तिचा माझ्या विद्येवर केवढा विश्वास, असं मला वाटायचं.

बारा वर्षांची झाले तेव्हा मी आईवरही उपचार केले. त्या रोवण्यात तिच्या कमरेतून जो ठणका निघाला तो मांडी, पिंढरी करत थेट डाव्या अंगठ्यापर्यंत गेला. तिला ना बसता येई, ना कुशीवर वळता येई. दवाखाना कुठे होता तेव्हा? होता तो कुरखेड्याला, आणि तिथं गोळी एकच, ताप असो की कंबर. मग आमचा घरचा इलाज. आठ दिवस, रोज संध्याकाळी तीन लाथा. नवव्या सकाळी आई उठून उभी राहिली. "गेलं वं दुखनं," म्हणाली. माझी कीर्ती पार शेजारच्या तालुक्यात पोचली.

त्या सालापासून आईची चाल तेवढी बदलली. डावं पाऊल जमिनीवर फटक फटक वाजायचं. चप्पल वाटेत गळून पडायची आणि तिला पत्ता नसायचा. शेवटी तिनं चपलेला मागून सुतळी बांधून घेतली. कंबर बरी झाली हे काय कमी, चालीचं काय घेऊन बसायचं, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही.

आता मी चौपन्न वर्षांची आहे. वरोऱ्याच्या एका शाळेत शिकवते. वडील गेले, आई माझ्याजवळ असते, वय शहात्तर. लाथांची प्रॅक्टिस मी नोकरी लागताच बंद केली. मुलांना विज्ञान शिकवायचं आणि घरी येऊन पालकांना लाथा घालायच्या, हे मलाच बरं दिसेना. अर्थात काही पालकांच्या बाबतीत हा निर्णय जड गेला.

गेल्या हिवाळ्यात कपाटाच्या खालच्या कप्प्यातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढताना कमरेत काहीतरी सरकलं. आधी कंबर, मग डावी मांडी, मग पिंढरी, मग पावलाची वरची बाजू. पाठीतून विजेची तार ओढली असावी तसा ठणका. पायाळूवर वीज पडते ती ही असावी. थोडी उशिरा आली एवढंच. मी भिंत धरून घरी पोचले तर नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "आता तुला लाथ कोण मारणार?" तीस वर्षांच्या संसारात अशी संधी त्या बिचाऱ्याला पुन्हा मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा भेटायला आली. तेव्हा कळलं की आपल्याकडे मणका असलेल्या प्रत्येकाला गॅप असतो. शिपायाला गॅप, क्लार्कला गॅप, हेडमास्तरांना गॅप. हेडमास्तरांचा साहजिकच मोठा. कोणी सांगितलं पट्टा बांधा, कोणी सांगितलं दाराला लोंबकळा. एकानं सांगितलं, एटापल्लीकडे एक माणूस नुसत्या अंगठ्यानं नस बसवतो, फक्त तिथंवर त्या रस्त्यानं जीपमधून जायचं. तो रस्ता मला माहीत आहे. पोचेपर्यंत जी नस जागेवर आहे तीही उठेल.

चंद्रपूरला जाऊन एमआरआय काढला. तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, "किती गॅप आहे?" ते म्हणाले, "गॅप नाही बाई, उलट जागाच कमी झाली आहे." कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती मागे सरकून पायाच्या नसेचं मूळ दाबत होती. बऱ्याच जणांचं ऑपरेशनशिवाय भागतं, गोळ्या घ्या, जपा, असं ते म्हणाले. पुढेही काही म्हणाले. पाऊल उचलायची ताकद कमी झाली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर एक दिवसही घरी थांबायचं नाही. नाहीतर पाऊल कायमचं जाईल. पण मी 'ऑपरेशनशिवाय भागतं' इथंच ऐकणं बंद केलं होतं. मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस खाटेवरून उठत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं विचाराल, तर जिथून वीज पायाळूवर पडते हे ठाऊक होतं, तिथूनच.

म्हणून मी आयुर्वेदाकडे गेले. वरोऱ्यातच एक वैद्य आहे, शिकलेली, पंचकर्मवाली, आणि माझीच विद्यार्थिनी. सातवीत तिला मी वर्गाबाहेर उभं केलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, पालथ्या झोपा." देव आहे की नाही याबद्दल आमच्या घराचं मत ठरलेलं आहे, पण उट्टं काढणारं कोणीतरी नक्की आहे.

तिनं कागद नीट वाचले, पाय सरळ उचलून पाहिला, बोटं दाबून पाहिली, मला टाचांवर चालायला लावलं. मग म्हणाली, "आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. यात माणूस गिधाडासारखा चालतो." गिधाडं आमच्या भागात फारशी उरली नाहीत. ती उणीव आता शिक्षक भरून काढतील.

"शेतात मोटारीच्या पाइपावर बैलगाडीचं चाक चढलं, असं समजा," ती म्हणाली. "पाइप फुटला नाही, पण दबला. तेलानं चाक उचलल्या जात नाही, मॅडम. तेलानं, शेकानं सूज उतरते, आजूबाजूचं आखडलेलं सैल होते, दुखणं कमी होते. चकती तिच्या वेळेनं आकसते, महिना-दोन महिने लागतात. तोवर मी तुम्हाला सांभाळते. पण एक अट आहे. रोज सकाळी टाचांवर दहा पावलं चालायचं. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी माझ्याकडे यायचं. तेल लावाले नाही, नागपूरची चिठ्ठी न्याले."

आई शेजारी बसून ऐकत होती. मला मात्र ही अट जरा कमकुवतपणाची वाटली. स्वतःच्या औषधाबद्दल एवढी शंका? मी तर तीन लाथांत पक्की गॅरंटी देत होते.

उपचार सुरू झाले. कमरेवर उडदाच्या पिठाचं गोल आळं करायचं आणि त्यात कोमट तेल ओतून अर्धा तास पडून राहायचं. याला कटिबस्ती म्हणतात. वडे व्हायचं ते पीठ माझ्या कमरेवर, आणि जेवणात वडे बंद. निर्गुडीच्या पाल्याची गरम पुरचुंडी करून पायभर शेक. सुंठेच्या काढ्यात एरंडेल. शिवाय खरी बस्ती, म्हणजे औषधी तेलाचा एनिमा. तिच्याबद्दल एवढंच सांगेन, की विद्यार्थिनीपुढे माझा जो काही रुबाब उरला होता तो त्या दिवशी गेला.

पथ्य तर असं, की ज्यानं कोणी लिहिलं तो हिवाळ्यात विदर्भात कधी आलाच नसावा. वांगं नाही, हरभरा नाही, वाटाणा नाही, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा नाहीत, शिळा भात नाही. मग उरतं काय? मुगाचं वरण. सकाळी मुगाचं वरण, संध्याकाळी मुगाचं वरण, आणि मध्ये शेजारच्या घरातून भरल्या वांग्यांचा वास.

आई हे सगळं फार निष्ठेनं करत होती. उडीद तीच दळून आणवायची, निर्गुडीची पानं तीच निवडायची. आणि रोज सकाळी विचारायची, "चालली काय टाचेवर?" पहिले चार-पाच दिवस मी चालले. मग कंटाळा आला. पलंगावरूनच सांगू लागले, "हो, चालली." गृहपाठ केला म्हणून सांगणारी पोरं मी तीस वर्षं नुसत्या आवाजावरून ओळखत आले, ते असल्या अनुभवामुळेच.

दोन आठवड्यांत खरोखर फरक पडला. खुर्चीत बसता येऊ लागलं, पायऱ्या उतरता येऊ लागल्या. ठणका होता, पण त्याचा जोर कमी झाला होता. वैद्य खूश होती, म्हणाली, असंच चालू द्या, वजन उचलू नका. तिसऱ्या आठवड्यात मला बरं वाटतंय म्हणून मी शेजारणीला गव्हाचं पोतं सरकवायला मदत केली. याला आमच्याकडे शेजारधर्म म्हणतात. दोन दिवस पुन्हा कळा आल्या. आणि तिसऱ्या सकाळी जागी झाले तर दुखणं नाही. अजिबात नाही. कमरेत नाही, मांडीत नाही, पिंढरीत नाही.

मी पलंगावर बसून हसले. सगळ्यांना फोन केले. हेडमास्तरांना मुद्दाम केला, त्यांचा गॅप अजून होता. वैद्याकडे त्या दिवशी गेले नाही, दुसऱ्याही दिवशी गेले नाही. गरज सरो, वैद्य मरो. म्हणी उगाच पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाजारातून वांगी आणली, भरीत केलं, आणि ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आले.

आई खाटेवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिला आता दिसतं कमी, पण कान शाबूत आहेत. तिचा हात सुपात थांबला.

"थांब," ती म्हणाली. "परत जा अन् परत ये बरं."

मी गेले आणि आले. फरशीवर माझी स्लिपर वाजली. फटक.

"टाचेवर चाल."

"अवं माय, बरी झाली ना मी आता."

"चाल म्हनलं ना."

मी ताट ठेवलं, टाचांवर उभी राहिले. उजवं पाऊल वर आलं. डावं जमिनीवर पडून राहिलं. मी मनात जोर लावला, दात आवळले, अंगठ्याकडे बघत त्याला हुकूम सोडला. तो दुसऱ्या कोणाचा तरी अंगठा असावा तसा स्वस्थ होता.

"मुंग्या आल्या असतीन," मी म्हणाले.

आईनं सूप बाजूला ठेवलं. खाटेखालून चप्पल ओढली, वाकून मागची सुतळी बांधली. "गाडी काहाड म्हन जावयाले," ती म्हणाली.

"दुखून नाई राह्यलं ना पन!"

"म्हनूनच म्हनून राह्यली मी."

रविवार असूनही वैद्यानं दार उघडलं. माझा अंगठा वर करायला लावून तिनं एका बोटानं दाबला. तो तिच्या एका बोटापुढेही टिकला नाही. पावलाच्या वरच्या बाजूला तिनं कापूस फिरवला, मला काहीच कळलं नाही. "कधीपासून?" तिनं विचारलं. मला सांगता येईना, कारण मी चाललेच नव्हते. ती रागावली नाही. वर्गाबाहेर उभं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

"दुखणं गेलं ते बरं झालं म्हणून नाही, मॅडम. नस इतकी दबली की ओरडणंही बंद झालं," ती चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवस अजून तेल करून पाहू या का? तिनं पेन ठेवलं. "माझं तेल इथं संपलं. आत्ता निघा."

वरोऱ्याहून नागपूरचा रस्ता सरळ आहे. दोन तास मी गाडीत मागे आडवी पडून एकच गोष्ट करत होते, डाव्या अंगठ्याला उठ म्हणत होते. मला भयंकर भीती वाटत होती. लोकांच्या पाठी ज्या पायानं तुडवल्या तो पाय जाणार, ही गंमत एरवी मीच चवीनं सांगितली असती. आई पुढे बसली होती. शहात्तर वर्षांच्या बाईनं येऊ नये म्हणून आम्ही दोघांनी तिला समजावलं होतं. ती आमच्या आधी गाडीत जाऊन बसली होती.

नागपूरच्या सर्जननी त्याच संध्याकाळी तपासलं आणि सकाळी ऑपरेशन ठरवलं. पाऊल परत येईल का, यावर ते म्हणाले, लवकर आलात, शक्यता चांगली आहे, शब्द देत नाही. सगळे खरे डॉक्टर असे का बोलतात कोण जाणे.

सकाळी मला आत न्यायच्या आधी आई स्टुलावर बसली होती. मी आडवी होते, त्यामुळे माझ्या नजरेसमोर तिची पावलंच होती. डावं जरा आत वळलेलं, पिंढरी उजवीपेक्षा बारीक, चपलेला मागून सुतळी. त्या सुतळीकडे मी चाळीस वर्षं बघत आले होते.

"आई," मी म्हणाले, "तुहं दुखनं कसं गेल्तं तवा?"

"असंच. एका सकाळी."

"अन् पाय?"

"पाय त्याच्या आदीच गेल्ता."

आठ संध्याकाळी मी तिच्या कमरेवर मारलेल्या लाथा मला एकेक करून आठवल्या. त्यानंतर अंगणात मिरवले होते, तेही आठवलं. मी रडायला लागले तर ती चक्क चिडली.

"रडून काऊन राह्यली? तुह्या लाथेनं नाई गेला तो. बारा वर्साची पोर तू, तुह्या लाथेत का जोर होता? रोवण्यानं गेला."

"पन तुले माहीत होतं."

"माहा पाय हाये. मले नाई माहीत राहीन तर कोनाले राहीन?"

"मंग सांगतलं काऊन नाई? साऱ्या गावाले बरी झाली म्हनून सांगत फिरली तू."

आईनं दाराकडे पाहिलं, परिचारिका येत नाही ना ते बघितलं, आणि आवाज खाली केला.

"सांगतलं असतं तर गावानं म्हनलं असतं, मायचाच पाय गेला, पोरीच्या लाथेत काई गुन नाई. मंग तो मालगुजार आला असता काय दर साली? आपल्या अंगनात? सदरा काहाडून, मातीत तोंड खुपसून, माह्या पोरीच्या पायाखाली? मी पाह्यत राहो ना दारातून. मले लय बरं वाटे वं. एका पायासाठी ते सोडू काय?"

मग मला आत नेलं.

ऑपरेशन झालं आणि मी खाटेवरून उठले, दुसऱ्याच दिवशी. माझ्या पक्क्या माहितीचा आणखी एक पुरावा गेला. अंगठा तिसऱ्या आठवड्यात हलला, पाऊल दोन महिन्यांत निम्मं वर येऊ लागलं. उरलेल्या निम्म्यासाठी मी पुन्हा माझ्या विद्यार्थिनीकडे जाते. ती तेल लावते, व्यायाम करून घेते आणि आता गृहपाठ स्वतःच्या डोळ्यांनी तपासते. बुटात प्लॅस्टिकची पट्टी घालून मी शाळेत जाते. आईचं पाऊल आता कोणाकडूनही येणार नाही, हे मी तिघा डॉक्टरांना विचारून घेतलं आहे.

उन्हाळ्यात मालगुजाराचा मुलगा आमच्या दारात आला. माझ्याच वयाचा. त्याचे वडील गेले, जाताना शेती आणि कंबर दोन्ही मुलाला देऊन गेले. वरोऱ्यात कुणाच्या तरी लग्नाला आला होता, मंगल कार्यालयातून थेट इकडे. माणूस वाईट नाही, नमस्कार वाकून करतो. या खेपेला तो आधीच वाकलेला होता. गावात आता सगळ्यांना एकच नळ आहे आणि तो कोणाची जात विचारत नाही, कारण त्याला पाणीच येत नाही.

"नागपूरले दाखवलं, चंद्रपूरले दाखवलं," तो म्हणाला. "गॅप हाये म्हनते. बाबा म्हनत, त्या पोरीच्या पायात गुन हाये. मारून द्या ना बाई तीन." आणि सदऱ्याची बटणं काढू लागला.

मी त्याला माझी पट्टी दाखवली. तो हळहळला, आणि म्हणाला, "पन उचलल्या तर जाते ना थोडा?" शिक्षण, रस्ते, मोबाइल सगळं आलं, पण श्रद्धेला धक्का नाही. मी त्याला खोलीतून टाचांवर चालायला लावलं. दोन्ही पावलं छान वर आली. नस शाबूत आहे, म्हटलं, वैद्याचा पत्ता देते, रोज असं चालून बघायचं. त्याचं लक्ष नव्हतं. तो फरशीवर पालथं झोपायला जागा बघत होता.

तेवढ्यात आतून आवाज आला. फटक, फटक. आई ग्लासभर पाणी घेऊन बाहेर आली, वाटेत थेंबही न सांडता. त्याच्यापुढे उभी राहिली आणि ग्लास पुढे केला.

"पानी घ्या भाऊ."

"आत्ताच पिऊन आलो बाई," तो म्हणाला. खरंच पिऊन आला असेल, लग्नातूनच येत होता.

आईनं हात मागे घेतला नाही. ती तशीच उभी राहिली, एका चांगल्या पायावर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

"लाथ पाह्यजे ना?" आई म्हणाली. "पयले पानी."

त्यानं ग्लास घेतला. एका हातानं कंबर धरून, मान वर करून, तो सगळं पाणी प्याला. आईनं ग्लास त्याच्या हातातून परत घेतला, पालथा करून पाहिला. एक थेंब पडला.

"आता जा वैद्याकडे," ती म्हणाली. "लाथेनं काई होत नसते."